नऊ जिंकल्या, नऊ हरल्या: कोलोराडो मॅमथचा २०२३चा सीझन

मंडळी, विषय ऐकून तुमच्यातल्या निम्म्या लोकांना वाटलं असेल की हे काय नवीन, लॅक्रॉस म्हणजे काय आणि ते पण इनडोअर. साहजिक आहे. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत ऑलिम्पिक कमिटीचं अधिवेशन झालं, क्रिकेट २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये घेतलं म्हणून आपण सगळे खूश झालो, आठवतंय ना? त्याच ठरावात लॅक्रॉस पण होतं. बेसबॉल-सॉफ्टबॉल, फ्लॅग फुटबॉल, स्क्वॉश आणि हे. म्हणजे या खेळाचं तिकीट आपल्या बीकेसीत फाटलंय, आणि आपल्याकडे कुणाला त्याचं काही पडलेलं नव्हतं.

तर आज मी एकाच टीमच्या एकाच सीझनबद्दल बोलणार आहे. टीम अमेरिकेतल्या डेन्व्हरची, कोलोराडो मॅमथ. लीगचं नाव नॅशनल लॅक्रॉस लीग. सीझन २०२३, म्हणजे डिसेंबर २०२२ला सुरू होऊन जून २०२३ला संपलेला. साखळीत १८ मॅचेस, त्यातल्या ९ जिंकल्या, ९ हरल्या. एवढं ऐकून कुणीही म्हणेल की चला, मधलीच टीम, सोडून द्या. आणि ही मधलीच टीम शेवटी फायनलच्या तिसऱ्या, निर्णायक मॅचपर्यंत गेली. माझं म्हणणं असं आहे की यात चमत्कार वगैरे काही नाहीये. या लीगची बांधणीच अशी आहे की टेबल बघून टीम कळत नाही, आणि ते का, ते आज जरा खोलात सांगतो.

आधी खेळ. बर्फावरच्या हॉकीचं रिंगण डोळ्यासमोर आणा, बर्फ झाकून त्यावर हिरवी टर्फ अंथरलेली, भोवती तेच बोर्ड, तीच काच. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू आणि एक गोलकीपर. हातात स्टिक, तिच्या टोकाला जाळी, जाळीत रबराचा कडक बॉल. १५ मिनिटांचे चार क्वार्टर. बॉल हातात आला की ३० सेकंदांत शॉट मारायचा, नाहीतर बॉल समोरच्याला. हा प्रकार कॅनडात १९३०च्या दशकात सुरू झाला, कारण उन्हाळ्यात हॉकीची स्टेडियमं रिकामी पडायची आणि मालकांना तिकिटं विकायची होती. सरळ धंद्याचा हिशोब. मूळ मैदानी खेळ मात्र फार जुना, तो होडेनोशोनी लोकांचा, म्हणजे न्यूयॉर्क राज्य आणि कॅनडाच्या त्या पट्ट्यातल्या मूळ रहिवाशांचा, त्यांच्यासाठी ती देवाने दिलेली गोष्ट आहे, आजार बरा व्हावा म्हणून पण खेळतात. त्याच्याकडे नंतर येतो.

आता गोलकीपर, कारण आजची अर्धी गोष्ट त्याच्यावर आहे. गोलची चौकट केवढी, तर ४ फूट उंच आणि पावणेपाच फूट रुंद. आणि त्यात जो माणूस उभा असतो तो इतके पॅड घालून असतो की जानेवारीत तीन गोधड्या गुंडाळून दारात उभा राहिल्यासारखा दिसतो, चौकट जवळजवळ भरूनच जाते. मग गोल होतो कुठून? कोपऱ्यांतून. काखेतून. गुडघ्याच्या बाजूच्या फटीतून. मारणारा एकदा वर मारायचं दाखवतो, गोली हलला की खाली मारतो, काहीजण पाठीमागून स्टिक फिरवून मारतात, काहीजण गोलपुढच्या अर्धवर्तुळावरून सूर मारतात आणि हवेत असतानाच बॉल सोडतात, कारण आधी आत पाय टेकला तर गोल धरत नाहीत. मी कामानिमित्त डेन्व्हरला होतो तेव्हा बोर्डाजवळ बसून मॅच बघितलीये. टीव्हीवर कळत नाही ती गोष्ट म्हणजे आवाज, स्टिकने हातावर मारल्याचा. सतत. आणि मॅच चालू असताना स्पीकरवर गाणी पण चालूच असतात, थांबतच नाहीत, पहिल्यांदा गेलेल्याला वाटतं की कुणीतरी बंद करायचं विसरलंय.

तर अशा खेळात एका मॅचमध्ये एकेका गोलीवर पन्नासच्या आसपास शॉट येतात आणि दहा-बारा आत जातात. आता विचार करा, ज्या दिवशी गोलीने नेहमीपेक्षा तीनच जास्त अडवले त्या दिवशी १२ चे ९ झाले, मॅच फिरली. तीन शॉट. टीम तीच, डावपेच तेच, फक्त तीन वेळा पॅडचं टोक मध्ये आलं. हे उलटं पण होतं. त्यामुळे १८ मॅचेसमध्ये ९-९ की ११-७ की ७-११ हा फरक कागदावर मोठा दिसतो, प्रत्यक्षात तेवढा असतोच असं नाही.

दुसरं कारण पैशाचं आहे, आणि हे आपल्या लोकांना खरं वाटत नाही. प्रोफेशनल लीग म्हटलं की आपल्याला आयपीएल दिसतं. इथे बहुतेक खेळाडूंना बाहेर नोकरी असते. कुणी शिक्षक, कुणी फायरब्रिगेडमध्ये, कुणी बांधकामाच्या धंद्यात. सीझनचे जे पैसे मिळतात त्यावर घर चालत नाही. म्हणून मॅचेस बहुतेक वीकएंडलाच, शुक्रवारी काम संपवून विमान पकडायचं, शनिवारी खेळायचं, रविवारी घरी, सोमवारी हजर. आणि खेळाडू राहतात कुठे? मॅमथची टीम डेन्व्हरची, पण बरीच पोरं ओंटारियो आणि ब्रिटिश कोलंबियामधली. म्हणजे घरच्या मैदानावरची मॅच असली तरी निम्म्या टीमसाठी तो प्रवासच असतो. आठवडाभर एकत्र प्रॅक्टिस हा प्रकारच नाही. एक वाईट मॅच गेली तर ती सुधारायला मधे काही दिवस मिळतात असं वाटतं आपल्याला, पण ते दिवस शाळेत पेपर तपासण्यात गेलेले असतात!

हे नुसतं बोलायचं म्हणून नाही बोलत. बफेलो बँडिट्सचा कोच जॉन टवारेस, ज्याने या लीगमध्ये ८००च्या वर गोल केलेत, तो शाळेत गणित शिकवायचा. (आइस हॉकीतला प्रसिद्ध जॉन टवारेस हा त्याचा पुतण्या, नाव सेम, कमाई विचारू नका.) त्याच बफेलोचा गोली मॅट विन्स, तो पण शिक्षक.

बफेलोचं नाव आलंच आहे तर आता एक वर्ष मागे जाऊया, कारण २०२३ कळायला २०२२ लागतं. २०२२ ला मॅमथ साखळीत १०-८, म्हणजे दहा जिंकल्या, आठ हरल्या. बफेलो १४-४, लीगमधली सगळ्यात तगडी टीम, त्यांचा डेन स्मिथ त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. फायनल तीन मॅचेसची, दोन जिंकेल तो चॅम्पियन. पहिली बफेलोने घेतली, दुसरी डेन्व्हरला मॅमथने, तिसरी १८ जूनला बफेलोमध्ये, घरचं पब्लिक, आणि मॅमथ १०-८ अशा गोलने जिंकले. २००६ नंतर पहिल्यांदा. फायनलचा एमव्हीपी कोण? गोली, डिलन वॉर्ड. एवढ्या गोल करणाऱ्या टीमला तिच्याच घरात आठवर थांबवलं म्हटल्यावर दुसरं कोण असणार.

बरं, कौतुक किती झालं? मॅमथचा मालक क्रोंकी, त्याच घरात हॉकीची अ‍ॅव्हलांच आणि बास्केटबॉलची नगेट्स, तिघांचं स्टेडियम एकच, बॉल अरिना. मॅमथ १८ जूनला जिंकले आणि २६ जूनला अ‍ॅव्हलांचने आइस हॉकीतला सगळ्यात मोठा कप, स्टॅनली कप जिंकला. झालं. शहरात कुणाची मिरवणूक गाजली हे सांगायला नको.

आता २०२३. चॅम्पियन म्हणून उतरले आणि ९-९. लीगचे तेव्हा ईस्ट आणि वेस्ट असे दोन गट होते, त्यातल्या वेस्टमध्ये चौथे. त्या वर्षी ईस्टमधल्या वरच्या चार आणि वेस्टमधल्या वरच्या चार टीम प्लेऑफला, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीला गेल्या, म्हणजे हे शेवटच्या दारातून आत आले. आणि चौथ्याला पहिल्याशी खेळावं लागतं, तर समोर सॅन डिएगो सील्स, १४-४. त्यांच्या घरी. आणि पहिला राउंड एकाच मॅचचा, दुसरी संधी नाही!

इथे मला लीगवाल्यांचं एक काही पटत नाही. चार-पाच महिने तुम्ही लोकांना विमानातून फिरवता, १४ मॅचेस जिंकणाऱ्या टीमला बक्षीस काय, तर घरच्या मैदानावर एक मॅच. एका रात्रीत समोरचा गोली लागला की तुमचा सीझन खल्लास. तसंच झालं, सील्स घरी गेले. मॅमथचा चाहता म्हणून मी नाचलोच, पण सॅन डिएगोच्या माणसाच्या जागी असतो तर टीव्ही फोडला असता.

पुढे वेस्टची फायनल कॅल्गरी रफनेक्सशी, ते १३-५. ही तीन मॅचेसची, मॅमथने २-१ ने घेतली. आणि फायनलला परत कोण, तर बफेलो, परत १४-४. म्हणजे बघा, साखळीत निम्म्या मॅचेस हरलेली टीम ओळीने १४-४, १३-५ आणि परत १४-४ अशा तिघांशी भिडली आणि त्यातल्या पहिल्या दोघांना काढलं. याला नुसतं नशीब म्हणायचं का? मी नाही म्हणणार. प्लेऑफला वेग जरा बदलतो, डिफेन्स जास्त कडक होतो, रेफरी बारीकसारीक गोष्टी सोडतात, गोल कमी होतात, आणि गोल कमी झाले की चांगल्या गोलीची किंमत वाढते. मॅमथ बांधलीच होती अशा मॅचेससाठी. कोच पॅट कॉइल स्वतः डिफेन्समधला, मॅमथकडूनच खेळलेला. मागे वॉर्ड, त्याच्या पुढे कॅप्टन रॉबर्ट होप. असली टीम साखळीत जानेवारीतल्या एखाद्या शनिवारी, अर्धी पोरं प्रवासाने थकलेली असताना, सहज हरते. आणि मे महिन्यात तिच्याशी कुणाला खेळावंसं वाटत नाही.

फायनलची पहिली मॅच बफेलोने घेतली, दुसरी डेन्व्हरला मॅमथने. अगदी मागच्या वर्षीसारखं. तिसरी ३ जूनला, परत बफेलोत, एकोणीस हजारांच्या आसपास बसतील एवढं स्टेडियम, आणि ते लोक २००८ पासून कपाची वाट बघत बसलेले. २०१६ ला फायनल हरले, २०१९ ला हरले, २०२२ ला याच टीमकडून याच ठिकाणी हरले.

१३-४.

मॅमथने चार मारले, पूर्ण ६० मिनिटांत चार. मघाशी मी गोलीबद्दल जे बोललो ते सगळं खरं, फक्त त्या दिवशी तो गोली समोरच्या बाजूला होता. मॅट विन्स, तेव्हा चाळिशी ओलांडलेला. मॅमथला बाहेरूनच शॉट मारावे लागत होते, बफेलोच्या डिफेन्सने त्यांना गोलपुढे येऊच दिलं नाही, आणि लांबून मारलेला शॉट विन्ससारख्या माणसाला बरोबर दिसतो. हा निकाल मला त्रास देतो पण चुकीचा वाटत नाही. दोन वर्षं मिळून बघितलं तर बफेलो जास्त चांगली टीम होती, २०२२ ला त्यांना ते मिळालं नाही, २०२३ ला मिळालं. आणि नंतर २०२४ ला मिळालं, २०२५ ला पण. ओळीने तीन.

एका माणसाबद्दल बोलायचं राहिलं, झेड विल्यम्स. मॅमथचा फॉरवर्ड, सेनेका लोकांमधला, कॅटरॉगस रिझर्व्हेशनवर, म्हणजे मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या प्रदेशात वाढलेला. ते रिझर्व्हेशन बफेलोपासून गाडीने फार लांब नाही. म्हणजे दोन्ही वर्षी फायनलला तो डेन्व्हरची जर्सी घालून स्वतःच्या घराजवळ खेळत होता, आणि ज्यांच्या पूर्वजांचा हा खेळ त्यांच्यातलाच एक. आता मुंबईचा तो ठराव परत आठवा. सेनेका, मोहॉक वगैरे मिळून होडेनोशोनींची स्वतःची राष्ट्रीय टीम आहे, लॅक्रॉसच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला ती स्वतःच्या झेंड्याखाली खेळते आणि मेडल पण घेते. पण ऑलिम्पिक कमिटीच्या नियमात त्यांची राष्ट्रीय ऑलिम्पिक संघटना नाही, म्हणून कमिटीचं म्हणणं, अमेरिकेकडून नाहीतर कॅनडाकडून खेळा. ज्यांनी खेळ दिला त्यांनाच दुसऱ्याच्या जर्सीत या म्हणून सांगायचं. मला हे अजिबात पटत नाही, आणि तो निर्णय आपल्या शहरात झालेल्या बैठकीतून पुढे आलाय म्हणून जरा जास्तच टोचतं.

आता शेवटचं, कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगतो, मॅमथचं पुढे काय झालं. २०२४च्या सीझनपासून लीगने ईस्ट-वेस्ट बंद केलं, सगळ्या टीमचं एकच टेबल आणि वरच्या आठ आत. चौथ्या नंबरचं दार गेलं. गोली तोच, कोच तोच, बरीचशी टीम तीच, आणि त्या वर्षी मॅमथ प्लेऑफलाच पोचले नाहीत. गोलपुढचे तेच दोन-तीन शॉट, या वेळी आत जात राहिले.

सीझन साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात सुरू होतो. डेन्व्हरची शनिवारी संध्याकाळी सातची मॅच हिवाळ्यात आपल्याकडे रविवारी सकाळी साडेसातला लागते. ज्यांना बघायची असेल त्यांनी पहिला क्वार्टर फक्त गोलीकडे बघा, बॉल शोधायच्या भानगडीत पडू नका, तो तसाही दिसत नाही.