वाढदिवसाचं बोलावणं

स्वीडनमध्ये वाढदिवस सुरू होतो तो झोपेचं सोंग घेण्यापासून. माझी दोन्ही मुलं तिथल्या शाळेत शिकली आणि हे सोंग त्यांना पहिल्याच वर्षी जमलं. थोरल्याचा वाढदिवस जानेवारीत. सकाळी साडेसहाला बाहेर मिट्ट काळोख, आम्ही स्वयंपाकघरात कुजबुजत ट्रे भरतोय आणि हा पांघरुणात डोळे घट्ट मिटून पडलेला. पापण्या थरथरतायत, हसू आवरत नाहीये, पण डोळे उघडायचे नाहीत. मग दार उघडायचं, मेणबत्ती पेटवलेला ट्रे घेऊन गात गात आत जायचं आणि त्यानं आत्ताच जाग आल्यासारखं उठून बसायचं. न्याहारी अंथरुणातच, भेटवस्तूही तिथेच. माणूस चाळीस वर्षांचा असला तरी अनेक घरांत हीच रीत.

त्या गाण्यात मागणं एकच आहे: शंभर वर्षं जगो. आपण 'शतायुषी हो' म्हणतो तेच. पुढच्या कडव्यात मात्र, शंभर वर्षं झाल्यावर ढकलगाडीत बसवून मिरवायचं, अशी गंमत येते. शेवटी 'हुर्रे', तेही चार वेळा. तीनच वेळा ओरडून मी थांबले होते, तेव्हा धाकटीनं दटावलं होतं, "आई, अजून एक!"

ट्रेवर छोट्या काठीचा निळा-पिवळा झेंडाही असतो. सुरुवातीला मला वाटलं, राष्ट्रध्वज आणि वाढदिवसाचा केक, हे कसं जुळायचं? पण तिथे तो आनंदाचा झेंडा आहे. अंगणात ध्वजस्तंभ असलेली माणसं घरच्यांच्या वाढदिवसाला झेंडा चढवतात. 30 एप्रिलला राजा कार्ल सोळावा गुस्ताव याच्या वाढदिवशी देशभर फडकतो तोच झेंडा सहा वर्षांच्या पोरीच्या दुधाच्या कपाशेजारी उभा असतो. मला हे फार आवडतं. आणखी एक गोष्ट मनाला भिडली ती भाषेतली. वाढदिवसासाठी त्यांचं क्रियापद 'भरणे' या अर्थाचं आहे. आपणही म्हणतो ना, बाळाला वर्ष भरलं. अगदी तसंच.

आता मुलांच्या पार्टीकडे येते. तिला ते 'कलास' म्हणतात. कार्डावर सुरू होण्याची वेळ असते तशीच संपण्याचीही असते: दुपारी दोन ते चार. चार म्हणजे चार. पालक दारात हजर होतात, बूट काढून आत येतात, मूल घेऊन जातात. येणार की नाही हे आधी कळवायचंच, कारण खुर्च्या आणि खाऊच्या पिशव्या मोजून असतात. खायला पावात घातलेलं सॉसेज आणि साय फेटून लावलेला केक. भेटी उघडताना मुलं गोल करून बसतात, मधे बाटली फिरवतात, तोंड ज्याच्याकडे थांबेल त्याची भेट आधी उघडायची.

आणि 'फिस्कदम्म', म्हणजे मासळीचं तळं. दाराच्या चौकटीत चादर आडवी बांधायची. मुलानं काठीला बांधलेली दोरी चादरीपलीकडे टाकायची. पलीकडे कुणीतरी मोठं माणूस लपलेलं. ते दोरीच्या चिमट्याला खाऊची पिशवी लावतं आणि दोन झटके देतं. मी चादरीमागे गुडघ्यावर बसून वीसेक झटके दिले आहेत. चादरीखालून फक्त मोजे दिसतात. मोज्यांची बोटं आनंदानं आवळलेली दिसली की समजायचं, मासा लागला.

पण मला आज खरं बोलायचंय ते बोलावण्याबद्दल. तिथला संकेत असा: शाळेत कार्डं वाटायची तर सगळ्या वर्गाला, नाहीतर सगळ्या मुलींना किंवा सगळ्या मुलांना. मोजक्यांनाच बोलवायचं असेल तर कार्डं घरी पाठवायची. हा प्रश्न किती पेटू शकतो ते 2008 साली दिसलं. लुंड शहरात आठ वर्षांच्या एका मुलानं वर्गात कार्डं वाटली, दोघांना वगळून. शाळेनं ती कार्डं काढून घेतली. वडिलांचं म्हणणं, एकानं माझ्या मुलाला बोलावलं नव्हतं आणि दुसऱ्याशी त्याचं पटत नाही. त्यांनी थेट संसदेच्या लोकपालाकडे तक्रार केली. 'ओम्बुड्समन' हा शब्द स्वीडनचाच आणि हे पद 1809 च्या राज्यघटनेपासूनचं. वाढदिवसाची कार्डं तिथवर पोचली! जगभर लोक हसले. मला हसू आलं नाही.

कारण शाळेच्या ओसरीत प्रत्येक मुलाच्या नावाची खुंटी असते, कोट अडकवायला. एकदा कुणीतरी त्या खुंट्यांवर पाकिटं ठेवून गेलं. माझा मुलगा घरी आला, दप्तर ठेवलं आणि म्हणाला, "माझ्या खुंटीवर फक्त माझा कोट होता." रडला नाही. टोपीची लोकर उपटत बसला. म्हणून मी शाळेच्या बाजूची आहे. कार्डं मुलाच्या हातून काढून घेणं मला पटत नाही; पालकांना आधीच सांगायला हवं होतं. पण पोटापाण्यासाठी तिकडे जाणाऱ्या तुमच्यासारख्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: वर्गाची यादी मागून घ्या आणि नावं मोजा.

मोठ्यांचं याच्या अगदी उलट. पन्नाशी, साठी अशा भरल्या वर्षांना लोक बोलावण्याची वाट पाहत नाहीत, फुलं घेऊन येतात. कुणी नको असेल तर वर्तमानपत्रात छोटी जाहिरात द्यायची: भेटीगाठी नकोत, किंवा नुसतं 'बाहेरगावी'. आमच्या समोरच्या बाईंची सत्तरी होती. बोलावणं नाही म्हणून आम्ही घरीच बसलो होतो. शेजारणीनं दार वाजवलं. "जाहिरात कुठे आलीय? चला." त्यांच्या उंबऱ्याशी आम्ही बूट काढले. शेजारणीनं माझ्या हातातल्या फुलांचा कागद सोडवून खिशात कोंबला. फुलं कागदासकट द्यायची नसतात. आत टेबलावर हिरव्या मार्झिपानचा, म्हणजे बदाम-साखरेच्या लगद्याचा, थर दिलेला केक होता, शेजारी चौदा-पंधरा कप मांडलेले. बाईंनी आम्हाला पाहिलं आणि कपाटातून आणखी चार काढले.