हत्यार जागेवरच पडलेलं: स्टोनमॅन नक्की होता कोण?

नमस्कार मंडळी. पुण्यात खुनांच्या मालिकेचा विषय निघाला की गाडी जक्कलवरच येऊन थांबते. १९७६-७७ चं पुणं पाहिलेल्या कुठल्याही आजीला विचारा, दिवेलागणीला दारं बंद, बेल वाजली तर आधी खिडकीतून कोण आहे ते बघायचं, मग कडी काढायची. जक्कल आणि त्याची टोळी म्हणजे टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयातली पोरं, जोशी-अभ्यंकर खटला, १० खून, एक माफीचा साक्षीदार, आणि २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात चौघांना फाशी. कोणी केलं, कसं केलं, सगळं कोर्टात आलं, विषय संपला.

आजचा विषय संपलेलाच नाही. आज स्टोनमॅन.

मुंबई, १९८५. सायन आणि किंग्ज सर्कलचा पट्टा. फुटपाथवर एकटाच झोपलेला माणूस, बहुतेक वेळा भिकारी नाहीतर कचरा वेचणारा, आणि सकाळी बघावं तर डोकं ठेचलेलं, शेजारी दगड. साधासुधा दगड नाही, काही तर ३० किलोपर्यंतचे होते म्हणतात. एक झाला, दोन झाले, पोलिसांना ही सगळी एकाच हाताची कामं असावीत हे लक्षात येईपर्यंत सहावा खून पडला होता. आता यावर पोलिसांना शिव्या घालणं सोपं आहे हो, पण जरा विचार करा, खून झाला की तपास सुरू कुठून होतो? मेलेल्याचं कोणाशी वाकडं होतं, पैशाचं काही होतं का, शेवटचा कोणासोबत दिसला. इथे मेलेल्याचं नावच कोणाला माहीत नाही, ओळख पटवायला कोणी येत नाही, मग वाकडं कोणाशी होतं हे विचारायचं तरी कोणाला? दोनएक वर्षांत साधारण १२ माणसं गेली.

एक जण मात्र वाचला. सायनमधलाच, हॉटेलात वेटर, घरदार नाही म्हणून बाहेर झोपणारा. दगड पडूनसुद्धा जिवंत राहिला, उठून पळाला. म्हणजे अख्ख्या केसमधला सोन्यासारखा साक्षीदार, आणि नशीब बघा, तो जिथे झोपला होता तिथे उजेडच नव्हता. चेहरा दिसलाच नाही त्याला.

१९८८ पर्यंत मुंबईतलं हे सगळं थांबलं. आणि १९८९ च्या जूनमध्ये कलकत्त्यात पहिला. तीच पद्धत, रात्र, फुटपाथ, एकटा माणूस, दगड. सहा महिन्यांत १३ खून. स्टोनमॅन हे नाव तिथल्याच इंग्रजी पेपरांनी दिलेलं. लालबाजारनं, म्हणजे तिथलं पोलीस मुख्यालय, रात्रीची गस्त वाढवली, दिसेल त्या संशयिताला उचललं, आणि त्या धरपकडीनंतर खून थांबले. पण कोणावरही गुन्हा सिद्ध झाला नाही.

आता थिअऱ्या. पहिली आपल्या पुण्याशी जोडलेली आहे म्हणून ती आधी घेतो. गप्पांमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, अरे तो रामन राघव असणार, मुंबईतलाच जुना खुनी, तोसुद्धा झोपलेल्यांनाच मारायचा. बरोबर आहे, साम्य आहेच. पण रामन राघवला सब-इन्स्पेक्टर अलेक्स फियाल्हो यांनी १९६८ मध्येच पकडलं होतं. आधी त्याला चिकन खायला घातलं, मग डोक्याला तेल, कंगवा, आरसा, सगळे लाड पुरवले, तेव्हा कुठे गडी बोलायला लागला आणि लपवलेली लोखंडी कांब काढून दिली. स्किझोफ्रेनिया असल्यामुळे फाशीची जन्मठेप झाली, १९८७ मध्ये. म्हणजे सायनमध्ये दगड पडत होते तेव्हा हा आपल्या येरवड्यात होता, आणि १९९५ मध्ये गेला तोही ससूनमध्ये, किडनीच्या दुखण्यानं. थिअरी इथेच बाद.

दुसरी म्हणजे, हा कोणीतरी आडदांड राक्षस असणार, एवढा दगड उचलायचा म्हणजे. मला हे अजिबात पटत नाही राव. मार्केट यार्डात जाऊन बघा, बारीक अंगाचे हमाल ५० किलोचं पोतं पाठीवर घेऊन चालत असतात. आणि समोरचा झोपलाय, प्रतिकार नाही, दगड छातीपर्यंत उचलला तरी पुरे. ताकदीवरून माणूस ओळखायला गेलं तर निम्मी मुंबई संशयित.

तांत्रिक, नरबळी, हेही आहेच. त्याला आधार काय, तर रात्र आणि रक्त. पुढे बोलत नाही.

खरी चर्चा होते ती तिसऱ्यावर, की मुंबईतलाच माणूस कलकत्त्याला गेला. तारखा छान जुळतात, इकडे थांबलं, तिकडे सुरू झालं. पण पुरावा म्हणून जोडणार कशानं? इथेच ही केस जक्कल आणि रामन राघवपेक्षा वेगळी पडते. जक्कलच्या टोळीची नायलॉनची दोरी होती, रामन राघवची कांब होती, दोघांनी आपलं हत्यार सोबत बाळगलं. दोरी कुठून तरी आणावी लागते, कांब कुठेतरी लपवावी लागते. दगड ना विकत आणावा लागतो ना लपवावा लागतो, रस्त्याच्या कडेचा उचलायचा आणि तिथेच टाकून निघून जायचं. आणि खडबडीत दगडावर बोटांचा ठसा धड उमटत नाही. गंमत म्हणजे जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्युरो १८९७ मध्ये निघालं ते याच कलकत्त्यात. डीएनएचं तंत्र म्हणाल तर ते इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये सापडलेलं, आपल्याकडे तेव्हा ते नुकतं कुठे येत होतं, आणि सीसीटीव्हीचा तर प्रश्नच नाही.

माझं मत विचाराल तर दोन शहरांत दोन वेगळे हात, आणि कलकत्त्यात कदाचित त्याहून जास्त. कारण एकदा पेपरात नाव छापून आलं की पुढचा प्रत्येक दगडाचा खून त्याच नावावर जमा होतो. फुटपाथवरच्या जागेवरून भांडण झालं, दारूत कोणी कोणाला मारलं, डोक्यात दगड घातला की झालं, स्टोनमॅनच्या खात्यात. त्यामुळे तो १३ चा आकडासुद्धा मी एका माणसाचा म्हणून धरत नाही. आधी त्या १३ मधले एकाच्या हातचे किती हे वेगळं काढायला हवं होतं, आणि त्यासाठी मेलेले कोण होते हे कळायला हवं होतं, तिथेच तर घोडं अडलं.

पुण्यात सायन-माटुंग्याहून येऊन स्थायिक झालेली घरं काही कमी नाहीत. तुमच्याकडे कोणी काका-मामा त्या वर्षांत तिकडे राहायला असतील, रात्रपाळी करून किंग्ज सर्कलला उतरत असतील, तर विचारा त्यांना, तेव्हा लोक फुटपाथवर एकटं झोपायचे का घोळक्यानं.