क्रम्बल बारचा फुसका बार का होतो?

नमस्कार! या. ओव्हन मी आधीच चालू करून ठेवलाय, १८० अंशांवर, कारण मला माझी खोड माहितीये. मी बोलत सुटते आणि ओव्हन तापवायचा राहून जातो.

तर विषय आहे फळं भरलेले क्रम्बल बार, म्हणजे खाली दाबलेला तळ, मध्ये फळांचं सारण आणि वर भुरभुरीत खडे. नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की कुठल्याही व्हिडिओखाली बघा, अगदी ब्रेडच्या व्हिडिओखालीसुद्धा, एक कॉमेंट असतेच: "ताई, ते लाल सारणाचे चौकोनी तुकडे दाखवा ना." दाखवते. ज्यांनी शीर्षकात नुसता 'बार' वाचून क्लिक केलंय त्यांची माफी मागते, इथे प्यायला फक्त पाणी आहे. पण आलाच आहात तर थांबा.

एक आधीच सांगून टाकते. रेसिपी पाच मिनिटांची आहे. उरलेला सगळा वेळ मी एकाच गोष्टीवरून कटकट करणार आहे, कारण मागच्या वर्षी तुम्ही पाठवलेल्या फोटोंपैकी निम्म्या फोटोंत बार नव्हते, लगदा होता. आणि खाली लिहिलेलं, "रेसिपी चुकली आहे." रेसिपी नाही हो चुकली. बोलू त्यावर.

आधी भराभर साहित्य. मैदा २०० ग्रॅम, ओट्स ८० ग्रॅम, ब्राउन शुगर १०० ग्रॅम, चिमूटभर मीठ, आणि बटर १५० ग्रॅम. बटर फ्रीजमधून काढलेलं, गार, छोटे तुकडे केलेलं. अंडं नाही, विसरले नाहीये, लागतच नाही. बटर मिठाचं असेल तर वरचं मीठ घालू नका. सगळं एका भांड्यात, आणि बोटांच्या टोकांनी चोळायचं. तळहात लावू नका, तळहात गरम असतो, बटर त्यातच वितळायला लागतं. कधी थांबायचं? मूठभर घेऊन दाबा. मुटका वळला पाहिजे, आणि अंगठ्याने टोचला की फुटला पाहिजे. हे बघा... वळला... आणि हा फुटला. झालं.

"वितळवलेलं बटर चाललं तर?" चालेल. तळाला तर फरकही कळणार नाही. पण वरच्या थराला ते ओबडधोबड खडे येणार नाहीत, ओल्या वाळूसारखं सपाट दिसेल. आणि क्रम्बलची अर्धी मजा त्या खड्यांत आहे.

यातलं दोन तृतीयांश टिनमध्ये थापायचं, एक तृतीयांश वरून घालायला फ्रीजमध्ये ठेवायचं. टिन आठ इंची चौकोनी. आठ. इथे जरा थांबते. "माझ्याकडे नऊ इंची आहे, एकच इंच तर जास्त आहे!" आठ गुणिले आठ चौसष्ट. नऊ गुणिले नऊ एक्याऐंशी. एक इंच नाही, सव्वापट झालं. तेवढंच मिश्रण सव्वापट जागेत पसरलं की तळ पापडासारखा होतो, लवकर करपतो, आणि मग तुम्ही मला विचारता की कडक का झाला. नऊ इंची असेल तर सगळं साहित्य सव्वापट घ्या, विषय संपला.

टिनमध्ये बटर पेपर घाला, आणि दोन बाजूंनी बाहेर लोंबेल इतका लांब कापा. ती पुढे उचलायची मूठ आहे. तळ वाटीच्या बुडाने घट्ट दाबायचा, विशेषतः कोपरे. आणि पंधरा मिनिटं एकटाच भाजून घ्यायचा. सारण थेट कच्च्या तळावर ओतलं तर त्याचा रस तळात मुरतो आणि तळ शेवटपर्यंत ओलसरच राहतो.

तोवर सारण. क्रॅनबेरी ३०० ग्रॅम, ताज्या किंवा फ्रोझन. फ्रोझन असतील तर वितळवत बसू नका, तशाच पातेल्यात. एक सफरचंद, बारीक चिरून. साखर १०० ग्रॅम. एका संत्र्याची किसलेली साल, फक्त नारिंगी भाग, पांढरा आला की कडू होतं. त्याच अर्ध्या संत्र्याचा रस, आणि त्या गार रसातच एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर कालवून. गरम सारणात कोरडं कॉर्नफ्लोअर टाकलंत तर गुठळ्या होतील आणि त्या नंतर काही केल्या मोडत नाहीत.

आवाज ऐका. थांबा, माइक जवळ नेते. फट्... फट्. क्रॅनबेरी फुटतायत. मला हा आवाज इतका आवडतो की एकदा मी नुसता याचाच व्हिडिओ टाकला होता, दोनशे लोकांनी पाहिला, त्यातली अर्धी माझी माणसं.

क्रॅनबेरी आणि सफरचंद ही जोडी उगाच नाही घेतली. दोन्हींत पेक्टिन भरपूर असतं, जॅम घट्ट करणारा पदार्थ तोच. म्हणून इथे एकच चमचा कॉर्नफ्लोअर पुरतं. पीच, चेरी, स्ट्रॉबेरी यांच्यात पेक्टिन कमी आणि पाणी जास्त, तिथे दोन चमचे घ्या आणि साखर थोडी कमी करा, कारण क्रॅनबेरीइतकी आंबट ती नसतात. वाळवलेल्या क्रॅनबेरी चालतील का? नुसत्या नाहीत, त्या आधीच गोड असतात आणि त्यांना रसच नसतो. सफरचंदात मूठभर मिसळा फार तर.

सहा-सात मिनिटांत हे असं होतं. चमचा पातेल्याच्या बुडावरून फिरवला की क्षणभर रस्ता दिसतो आणि मग सारण परत त्यावर सरकतं. इतपत पुरे. भाजलेल्या तळावर पसरा, कडेला अर्धा सेंटीमीटर जागा सोडून, नाहीतर साखर टिनला चिकटून जळते. वर उरलेलं मिश्रण भुरभुरवा. दाबू नका! आणि ओव्हनमध्ये, पस्तीस ते चाळीस मिनिटं.

आता घड्याळावर विश्वास ठेवू नका, बुडबुड्यांवर ठेवा. काचेतून बघा... दिसतंय का? पंचविसाव्या मिनिटाला कडेने बारीक, चपळ, पाण्यासारखे बुडबुडे येतात. त्यांना भुलू नका. पस्तिशीच्या पुढे मधल्या खड्यांच्या फटींतून मोठे, आळशी बुडबुडे वर येतात, फुगतात, जरा वेळ तसेच थांबतात आणि मग फुटतात. सारण मध्यभागी उकळतंय असा त्याचा अर्थ. कॉर्नफ्लोअर पूर्ण घट्ट व्हायला ९५ अंशांच्या आसपास उष्णता लागते. नुसता वरचा रंग बघून काढलंत तर मध्ये कच्च्या पिठाची चव राहते.

काढला! रंग बघा. वास तुमच्यापर्यंत पोचत नाही, तुमचं नशीब.

आणि आता ती गोष्ट.

कापायचा नाही.

सुरी खाली ठेवा. मी सांगते, ठेवा. पूर्ण गार होईपर्यंत, म्हणजे बाहेर दीड-दोन तास आणि मग फ्रीजमध्ये एक तास, याला हात लावायचा नाही.

मी हे स्वतःच्या नाक कापून घेण्यातून शिकलेय. काही वर्षांपूर्वी एका मैत्रिणीकडे सुट्टीतलं जेवण होतं. मी ऐटीत सांगितलेलं की गोड मी आणते. नेहमीप्रमाणे उशीर. टिन ओव्हनमधून काढला, टॉवेलात गुंडाळला आणि तसाच घेऊन गेले. तिथे सगळ्यांसमोर पहिला काप दिला आणि सारण चक्क वाहायला लागलं. ताटलीभर लाल ओघळ, त्यात तरंगणारा तळाचा तुकडा, वरचे खडे टॉवेलातल्या वाफेने मऊ पडलेले. मैत्रिणीची आई शहाणी. काही न बोलता वाट्या आणि चमचे घेऊन आल्या, वर व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा घातला. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं. एकाने तर विचारलं, "या क्रम्बलची रेसिपी देशील?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. ते क्रम्बलच होतं! गरम, चमच्याने खायचं, वाटीतलं. क्रम्बल आणि क्रम्बल बार यांच्या मधे फरक आहे तो त्या तीन तासांचा. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धात क्रम्बल फार चाललं. जानेवारी १९४० पासून बटर आणि साखर रेशनवर, मग 'पाय'ची, म्हणजे फळं भरून भाजायच्या त्या पदार्थाची, पारी लाटायला चरबी आणायची कुठून? त्यापेक्षा फळांवर थोडं मिश्रण भुरभुरवलं की काम भागायचं. ते क्रम्बल कोणी कापायला जात नाही, डावाने वाढतात. तुम्हाला गरम खायचं असेल तर खुशाल खा, वाटी घ्या. फक्त त्याला बार म्हणू नका आणि मला फोटो पाठवू नका.

बरं, "पण सारण तर पातेल्यात घट्ट झालं होतं!" ही कॉमेंट मी इतक्यांदा वाचलीये. घट्ट झालं होतं, धरलं नव्हतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरम असताना कॉर्नफ्लोअरचे कण पाणी पिऊन फुगलेले असतात, म्हणून सारण दाट दिसतं. पण त्यातून सुटलेले स्टार्चचे धागे एकमेकांत गुंततात ते गार होताना. पेक्टिनचंही तेच. जॅम गरम असताना ओततो आणि गार झाल्यावर चमच्यावर उभा राहतो, ते काय उगाच? तुम्ही गरम असताना सुरी घातलीत म्हणजे जाळं विणायच्या आत फाडलंत.

आणि नुसतं सारण नाही. तळाकडेही बघा. त्यात १५० ग्रॅम बटर आहे आणि बटर ३२ ते ३५ अंशांना वितळतं, आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षाही कमी. म्हणजे टिन हाताला 'कोमट' लागतोय तोवर आत बटर पातळच आहे. तळाला धरून ठेवणारं काहीच नाही. म्हणून कोमट बार उचलला की मधोमध मोडतो. लोक म्हणतात तळ कच्चा राहिला, परत भाजतात, आणि मग दात तुटायची वेळ येते.

घाई करायचे तुमचे सगळे उपाय मला माहिती आहेत. गरम टिन थेट फ्रीजमध्ये? वाफ आतच कोंडते, पाणी होऊन वरच्या खड्यांवर पडतं, कुरकुरीतपणा गेला. वर झाकण? तेच. पंख्याखाली? हे चालेल. जाळीवर ठेवा, खालून हवा लागू दे. काचेचा टिन असेल तर अर्धा तास जास्त धरा, काच उष्णता सोडता सोडत नाही.

आणि एकाने लिहिलंय, "आमच्याकडे सगळ्यांना गरमच आवडतं, मग काय करू?" मस्त प्रश्न. गार करा, कापा, आणि मग तुकडे पाच-सात मिनिटं १५० अंशांवर ठेवा. एकदा धरलेलं कॉर्नफ्लोअर एवढ्याशा उष्णतेने परत पातळ होत नाही. तळ थोडा मऊ पडेल, ताटलीत घेऊन खा. म्हणजे पाहुणे यायच्या आदल्या दिवशीच करून ठेवा ना! फ्रीजमध्ये चार दिवस छान राहतात, दुसऱ्या दिवशी तर चव जास्त मुरते. डीप फ्रीजमध्येही टिकतात, फक्त कॉर्नफ्लोअर गोठून सुटलं की थोडं पाणी सोडतं, तेवढं चालवून घ्या.

चला, आपला टिन बघू. दीड तास झालाय. कडेला हात लावून बघू नका, कडा फसवतात, त्या आधी गार होतात. टिन उचला आणि बुडाच्या मधोमध तळहात लावा... अं, नाही. अजून ऊब आहे. परत जाळीवर. मलाही धीर धरवत नाहीये, खोटं नाही सांगत.

[कॅमेरा बंद. पुन्हा चालू. खिडकीबाहेर अंधार.]

आले. मधे एक तास फ्रीजमध्येही झाला. आता पेपरची दोन टोकं धरायची आणि सरळ वर. बघा, अख्खी लादी एका तुकड्यात उचलली गेली. लांब सुरी घ्या, दातेरी नको, खडे उडतात. वरून खाली एकदाच दाबायची, पुढे-मागे करवतीसारखी नाही. प्रत्येक कापानंतर ओल्या फडक्याने पुसायची. तीन काप उभे, तीन आडवे... सोळा तुकडे.

हा मधला तुकडा कॅमेऱ्याजवळ आणते. तळ, मध्ये लाल थर, तो बघा कसा काठाशी थांबलाय, चकाकतोय पण ओघळत नाहीये. उभा धरते. उलटा धरते! पडला एक खडा, तो धरू नका.

कोपऱ्याचा तुकडा माझा. तिथे दोन बाजू कुरकुरीत... [चावताना] ...एक मिनिट.