उघडी चाकं आणि पासिंग

[पहाट. नाना पेठेतल्या एका गल्लीतलं गॅरेज. शटर अर्धं वर.]

ही जीप माझ्या भावाची. १९७१ची. नंबर एमएच-बारा सुरू होण्याच्याही आधीचा, तीन इंग्रजी अक्षरांचा. बॉनेट उचललं की आत मूळ पेट्रोल इंजिन दिसतं. अशा कितीतरी जीपांमध्ये मागेच डिझेल इंजिनं बसली, म्हणून हे इंजिन बघायला जुने फिटर हातातलं काम टाकून येतात.

पण रस्त्यावरच्या माणसाची नजर इंजिनापर्यंत पोचतच नाही. ती चाकांवर अडते. पुढची दोन्ही चाकं उघडी. मडगार्ड नाहीत. आणि रुंद टायर बॉडीच्या बाहेर चांगले चार बोटं आलेले.

भावाला हॉट रॉड बनवायची होती, म्हणजे वेगासाठी उतरवून हलकी केलेली, उघड्या चाकांची जुनी गाडी. शाळेत असल्यापासून तो या गाड्यांची चित्रं वहीच्या मागच्या पानांवर काढायचा. दोन वर्षं रविवार-रविवार करून त्याने जीपला ते रूप दिलं. मला ती आवडते, हे आधीच सांगते. उन्हात उभी असली की पुढचं चाक, त्याची दांडी, स्टीअरिंगचा जोड, सगळं उघडं दिसतं. गाडी कशी चालते ते लहान मुलालाही कळावं इतकं.

आता तिच्या नोंदणीची मुदत संपत आली आहे. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते. पुणेकर याला पासिंग म्हणतात. उघड्या चाकांनिशी ते होईल का, हाच प्रश्न.

[जुनी आरसी. त्यावरून फिरणारं बोट.]

मडगार्ड काढायची ही रीत आली कुठून? दक्षिण कॅलिफोर्नियातून. १९३० आणि ४०च्या दशकांत तिथली तरुण मुलं जुन्या फोर्ड गाड्या घेऊन म्युरॉक, एल मिराज अशा आटलेल्या तळ्यांवर जायची. तळ सपाट, मैलोन्‌मैल मोकळा. वेग वाढवायचा तर वजन उतरवायचं, म्हणून मडगार्ड निघायची, काच निघायची, जे निघेल ते निघायचं. १९३२ची व्ही-एट फोर्ड त्यांची सर्वांत लाडकी. म्हणजे मडगार्ड निघाली ती शर्यतीसाठी, जिथे मागे कुणी नव्हतं. पुढे त्याच गाड्या रस्त्यावर आल्या आणि ती शोभा झाली. पण हॉट रॉडच्या या माहेरातही कायदा चाकं झाकायला सांगतो. कॅलिफोर्नियात सूट आहे ती १९७१च्या आधी तयार होऊन नोंदलेल्या, आणि तीही १,५०० पौंडांहून हलक्या गाड्यांना. १,५०० पौंड म्हणजे जेमतेम ६८० किलो. आमची जीप त्यात बसत नाही.

पुण्यात आम्ही आधी सोपी वाट धरली. एका एजंटने फाइल बघितली, म्हणाला, "ताई, होऊन जाईल, तुम्ही टेन्शन घेऊ नका." आगाऊ पैसे घेतले. महिनाभराने फोन उचलणं बंद. पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण त्याच्या भरवशावर आम्ही कायदा वाचलाच नाही, त्याची चुटपुट जास्त लागली.

मग वाचला. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. मालकाने गाडीत असा बदल करायचा नाही, की ज्याने नोंदणीच्या दाखल्यातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल. बदल म्हणजे काय, तेही तिथेच लिहिलंय: रचनेतला असा फेरफार, ज्याने गाडीचं मूळ स्वरूप बदलतं. केरळमधल्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने जरा सैल अर्थ लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तो निकाल फिरवला, आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. मनाई असलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'प्रत्येक' हा शब्द भावाने दोनदा वाचला आणि गाडीभोवती एक फेरी मारून आला.

[वेताळ टेकडी. सकाळी फिरायला आलेली माणसं.]

त्याचा पुढचा प्रश्न रास्त होता. जुनी गाडी बदलता येत नाही, तर हीच गाडी नवी म्हणून नोंदवता येईल का? त्याचं उत्तर पुण्यातच आहे, वेताळ टेकडीच्या अंगाला. एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, १९६६मध्ये सुरू झालेली, गाड्या तपासणारी संस्था. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६नुसार गाडीचं मॉडेल बाजारात यायच्या आधी त्याचा नमुना अशा संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, सगळं. ही वाट कारखान्यांची आहे. हजारो गाड्या विकणाऱ्याला ती परवडते. रविवारी गॅरेजमध्ये एकच गाडी बनवणाऱ्याची ती वाट नव्हे.

आणखी एक दार दिसत होतं: व्हिंटेजचं. २०२१पासून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी वेगळी नोंदणी आहे. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीला पाच हजार, मुदत दहा वर्षं. आधी नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो, आणि तो तीन अक्षरांचा नंबर भावाला जिवापाड प्यारा आहे. पण अट वाचली आणि दार लागलं. चासी म्हणजे खालचा सांगाडा, बॉडी, इंजिन, कशातही मोठा बदल झालेला नको. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर.

विम्याचंही तेच. बदल न कळवता फिरलात तर अपघातानंतर दावा अडू शकतो.

इथवर भाऊ चिडलेला होता. त्याचं म्हणणं, मी कुणाचं काय वाकडं केलंय? त्याला मी जे सांगितलं, ते या निवेदनातही सांगायचं आहे.

[पाऊस. सिंहगड रस्ता.]

गेल्या जूनमध्ये तो जीप घेऊन पुढे होता आणि मी स्कूटरवर मागे. पाऊस नुकताच थांबला होता. ताशी साठच्या वेगाने जाणाऱ्या गाडीच्या टायरचा माथा रस्त्याच्या मानाने ताशी १२०ने पुढे धावत असतो. टायरला चिकटलेलं पाणी, चिखल, खडी सुटते ती त्या जोरावर. पुढच्या चाकाने वर फेकलेल्या पाण्यात गाडी स्वतःच जाऊन शिरते. भावाचा चष्मा, शर्ट, सगळं मातीने भरलं होतं. आणि मागे मी. आधी चिखलाचा सपकारा आला. हेल्मेटची काच पुसायला हात उचलला, आणि टक्कन खडा बसला. काचेला डोळ्यासमोरच तडा. हेल्मेट नसतं तर? माझ्या मागून दुसऱ्या स्कूटरवर एक बाई येत होती, पुढ्यात लहान मूल उभं. त्या मुलाच्या डोक्यावर काहीच नव्हतं.

ती काच मी टाकून दिलेली नाही. परवा ती भावाच्या हातात ठेवली. तो बराच वेळ तड्यावरून नख फिरवत राहिला. मग उठून माळ्यावर चढला.

मडगार्ड तिथेच होती, जुन्या गादीच्या कापडात गुंडाळलेली. फेकली नव्हती. जीपची पुढची मडगार्ड बोल्टवर बसतात, हे आमचं नशीब. वेल्डिंग तोडून काढलेली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. एकाची कड आत वळलेली, आणि त्या घडीत पन्नास वर्षांची माती वाळून दगडासारखी बसलेली. मिस्त्रीकाकांनी ती स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून काढली, पत्र्याखाली लाकडाचा ठोकळा धरला आणि हातोडीने हळूहळू कड सरळ केली. जोरात एकही घाव नाही. "दादा, जुना पत्रा ऐकतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो," असं म्हणाले.

रुंद टायर उतरले. मूळचे सहाशे-सोळा मापाचे अरुंद टायर परत चढले. मी काकांना युरोपातला नियम सांगितला: चाकाच्या मध्यातून वर उभी रेघ धरायची, तिच्या पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश, तेवढ्या भागात टायरची पूर्ण रुंदी झाकलेली हवी. आपल्या पासिंगला कुणी कोन मोजत नाही. तरी काकांनी पुठ्ठ्याचा कोन कापला, टायरवर खडूने दोन खुणा केल्या, मडगार्ड धरून बघितलं. दोन्ही खुणा पत्र्याखाली गेल्या.

उघड्या चाकांची हौस संपलेली नाही, आणि संपू नये असं मला वाटतं. अभियांत्रिकी कॉलेजांमधली मुलं उघड्या चाकांच्या गाड्या बनवतात, कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी नेतात. पण त्या जातात ट्रकवर चढून. भावानेही सहा बोल्ट वेगळ्या डबीत ठेवलेत. कधी बंद ट्रॅक मिळाला, तर मडगार्ड तिथे उतरतील आणि घरी यायच्या आधी परत चढतील.

[गॅरेज. दुपार.]

आता राहिलं एक काम. चासी नंबरची पेन्सिल प्रिंट. काकांनी चासीच्या दांडीवरची माती तारेच्या ब्रशने घासली, रॉकेलच्या फडक्याने पुसली. भाऊ जमिनीवर पालथा झोपला. कागद पत्र्यावर दाबून धरला आणि वरून पेन्सिलचं शिसं आडवं फिरवायला लागला. आधी नुसता काळा पट्टा. मग त्यात पांढरे आकडे उमटायला लागले, एकेक करून.

"ताई, वाच ना," तो खालूनच म्हणाला.

मी आरसी हातात धरली आणि वाचायला सुरुवात केली.