ड्वॉर्फ प्रीस्टचा भाव

विषय ठरलाय ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममधल्या वंश आणि क्लासच्या बंधनांचा. ‘रेस’ म्हटलं की निम्म्या लोकांना शर्यत आठवते, म्हणून वंश म्हणतो: पात्र ह्यूमन आहे, ड्वॉर्फ (बुटका) की एल्फ, ते. क्लास म्हणजे पात्राचं लढाईतलं काम, त्याला मराठी शब्द शोधत नाही. ‘वर्ग’ म्हटलं की सगळे मागचा बाक पकडतात. बंधनं असावीत का, हे शेवटी बघू. आधी एक जुनं दुखणं.

नोव्हेंबर २००४ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा गेम आला, त्यात अलायन्स आणि होर्ड अशा दोन बाजू. पॅलाडिन (धर्मयोद्धा) हा क्लास फक्त अलायन्सकडे, तोही ह्यूमन किंवा ड्वॉर्फच. शामन (टोटेम रोवणारा मांत्रिक) फक्त होर्डकडे. हे कथेला शोभतं, चालू द्या. पण प्रीस्ट (हीलर, म्हणजे जखमा भरणारा) दोन्हीकडे होता आणि त्याला वंशाप्रमाणे वेगळे स्पेल, म्हणजे मंत्र, दिले होते. ड्वॉर्फच्या वाट्याला आला फिअर वॉर्ड: ज्याच्यावर टाकाल त्याच्यावरचा भीतीचा पुढचा एक मारा वाया. ऐकायला किरकोळ वाटतं ना?

आता मोल्टन कोअर या गुहेतला मॅगमाडार हा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, आठवा. रेड, म्हणजे त्याच्यावर चालून जाणारी टोळी, चाळीस जणांची, आणि हा गडी अधूनमधून आसपासच्या सगळ्यांना घाबरवून पळवणार. टँक, म्हणजे बॉसचा मार अंगावर घेणारा, पळाला की बॉस मोकळा. तो हीलरांकडे वळला की पुढचं सांगायला नको, सगळे भुतं होऊन स्मशानातून चालत परत. ड्वॉर्फ प्रीस्ट असला तर टँकवर वॉर्ड ठेवायचा, खर्ची पडला की पुन्हा टाकायचा. दोघं असले तर पाळी लावायची. नसला तर टँक असलेल्या वॉरियरने भीती येण्याच्या किंचित आधी बर्सर्कर स्टान्समध्ये (पवित्र्यात) शिरून बर्सर्कर रेज हा भीती लागू न देणारा डाव वापरायचा आणि लगेच डिफेन्सिव्ह स्टान्समध्ये परतायचं. बर्सर्कर स्टान्समध्ये मार दहा टक्के जास्त बसतो, आणि स्टान्स बदलताना साठवलेला रेज, म्हणजे डाव टाकायला लागणारा जोर, तोही सांडतो. होर्डकडे शामनचा ट्रेमर टोटेम (जमिनीत रोवायचा मंतरलेला खांब) होता, पण तो भीती अडवत नाही, लागलेली उतरवतो. तीही फक्त आपल्या पाच जणांच्या पार्टीतली. म्हणून शामन टँकच्याच पार्टीत बसवायचा.

अलायन्सच्या गिल्डांना (खेळाडूंच्या कायमच्या गटांना) मग नुसता प्रीस्ट नको असे, ड्वॉर्फ प्रीस्ट हवा असे. नाइट एल्फ प्रीस्ट साठाव्या, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या लेव्हलला पोचला, की कळायचं चूक कॅरेक्टर बनवतानाच झाली. (तरी नाइट एल्फ दिसायला देखणा, हे मान्य.) पैसे भरून वंश बदलायची सोय आली २००९ मध्ये. फिअर वॉर्ड त्याआधीच, २००७ च्या २.३ पॅचमध्ये (अपडेटमध्ये), सगळ्या प्रीस्टना मिळाला होता.

वेळ संपत आलीय, मूळ मुद्दा घाईत उरकतो. वंशावरून क्लास बांधायची ही खोड कागदावरच्या खेळातून आली. १९७४ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये ड्वॉर्फ फक्त फायटर होई, तोही सहाव्या लेव्हलपर्यंत. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने हे काढून टाकलं. वॉरक्राफ्टमध्ये जानेवारी २००७ ला होर्डकडे ब्लड एल्फ पॅलाडिन आणि अलायन्सकडे ड्रेनाय शामन आले, कारण दोन बाजूंना वेगवेगळी हत्यारं देऊन एकच बॉस बेतणं अवघड जात होतं. बंधन ओळखीपुरतं असेल तर खुशाल ठेवा. लढाईत लागणारं साधन एकाच वंशाच्या हाती देऊ नका, एवढंच माझं म्हणणं.

ड्रुइड, म्हणजे प्राण्याचं रूप घेणारा क्लास, अजून मोजक्याच वंशांना मिळतो, त्यात कथेइतकाच चित्रकारांचा हात आहे. नवा वंश घेतला की त्याला शोभेलसं अस्वल आणि मांजर नव्याने घडवावं लागतं. हात वर दिसतोय, विचारा.