आधी सुकवा, मग पाजा

नमस्कार श्रोतेहो. परसात पडून भुसभुशीत झालेलं लाकूड आपण सरळ बंबात घालतो. आज एवढंच सांगायचंय, की घालण्याआधी त्याला एकदा नख लावून बघा. नख नुसतं रुतलं तर लाकूड कातून वस्तू करायच्या कामाचं आहे. चमच्याने उकरून निघत असेल, तर मात्र ते तुळशीच्या कुंडीत टाका.

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या आमच्या घरामागचा आंबा तीन पावसाळ्यांपूर्वी पडला. त्याचा एक ओंडका मोरीपाशी राहिला आणि आत्या त्यावर बादली ठेवायची. दोन वर्षांनी मी त्याचं टोक कापलं तर आत काळ्या रेघांचा नुसता नकाशा! आत्या म्हणाली, "चाळीस वर्षं या झाडाचं लोणचं घातलंय. मला याचा करंडा करून दे."

लाकूड घट्ट व्हावं म्हणून मी उत्साहात बाटलीभर पातळ चपडा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, त्या तुकड्यावर ओतला. दुसऱ्या दिवशी तो तुकडा लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, चढवला आणि पटाशी लावली. वरचा पापुद्रा टणक लागला. त्याच्या आत पटाशी अशी रुतली, की मुठीएवढा ढलपा उडून थेट ओसरीत गेला. तिथे उन्हात लोणच्याची बरणी ठेवलेली. बरणी वाचली, वरचा दादरा फाटला. आत्या बाहेर आली, बरणीत डोकावली आणि म्हणाली, "आता लाकडाचंही लोणचं घालायचं का रे?"

उरलेला तुकडा घेऊन मी डभोईच्या पुढे संखेड्याला गेलो. तिथले खरादी सागवान कातून, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून रंग चढवतात. घर्षणानेच लाख वितळते. हे काम नुसतं बघत बसलं तरी दिवस जातो. आणि आपण मात्र कुंकू प्लास्टिकच्या डबीत ठेवतो! असो. एका म्हाताऱ्या खराद्याने माझ्या तुकड्यावर अंगठा दाबला आणि हसला. "भाई, आ तो खारी छे, खारी! केटला दिवस सुकव्युं?"

सुकवायला हवं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चपड्यावर पांढुरकी झाक आली होती, ती ओलीची खूण. आत पाणी भरलेलं असताना चपडा शिरणार कुठून? तेव्हा श्रोतेहो, आधी सुकवा, मग पाजा.

घरी आल्यावर ओंडक्याचा दुसरा तुकडा सावलीत ठेवला. दर रविवारी आत्याच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन. पहिल्या दिवशी १ किलो ४०० ग्रॅम भरला. घटत घटत ८६० वर आला, आणि तीन रविवार काटा तिथेच. म्हणजे सुकला.

आता थोडं कारण. पांढऱ्या कुजीची बुरशी लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन खाते, म्हणून लाकूड स्पंजासारखं होतं. काळ्या रेघा म्हणजे शेजारशेजारच्या बुरश्यांनी हद्दीवर घातलेलं कुंपण. दोन भावांनी वाड्यात भिंत घालावी तसं. ओल २० टक्क्यांखाली गेली की बुरशी थांबते.

पाजायचं कसं? लिटरभर स्पिरिटमध्ये शंभरेक ग्रॅम चपडा रात्रभर विरघळवा. (स्पिरिट म्हटलं की आपल्या गुजरातेत माणूस आधी मागे वळून बघतो, पण हे पॉलिशवाल्याचं.) लाकूड पितंय तोवर पाजा, पिणं थांबलं की थांबा. दोन दिवस ठेवा. कातताना पुन्हा कुठे पोकळ लागलं, तर तिथे पुन्हा पाजा. छोट्या भेगेला क्षणात चिकटणारा पातळ गोंद चालतो, पण तो कापसाने पुसू नका, धूर निघतो. व्हॅक्यूम पंपाने रेझिन, म्हणजे तापवल्यावर घट्ट होणारं द्रव, आत ओढून भट्टीत साधारण ९० अंशांवर पक्कं करायचीही रीत आहे. त्यालाही लाकूड कोरडंठाकच लागतं. पटाशीला धार हवी. नाकाला मास्क हवाच, कारण ही धूळ बुरशीची आहे.

करंडा झाला. हळदीकुंकवाला आत्या तो पुढे करते आणि सांगते, "आमच्या आंब्याचा." रेघा कसल्या, ते सांगत नाही. उरलेला ओंडका मोरीपाशीच आहे. त्यावरची बादली हलवायची मला परवानगी नाही.