छप्पर राज्याचं, रणगाडा केंद्राचा

आपल्या संविधानाच्या सातव्या अनुसूचीत सैन्य संघसूचीत येतं. त्यामुळे महाराष्ट्र सरकारकडे पोलीस आहेत, राज्य राखीव दल आहे, होमगार्ड आहेत, पण स्वतःची पलटण नाही. टेरिटोरियल आर्मीसुद्धा केंद्राचीच. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याला नॅशनल गार्ड, म्हणजे अर्धवेळ राखीव सैनिकांचं दल, आहे. ५० राज्यं, प्वेर्तो रिको, ग्वाम, व्हर्जिन आयलंड्स आणि राजधानीचा जिल्हा धरून अशी ५४ दलं होतात. ती सांभाळायला प्रत्येक राज्यात एक लष्करी विभाग असतो. त्याच्या प्रमुखाला ॲडज्युटंट जनरल म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्याला गव्हर्नर, म्हणजे राज्याचे निवडून आलेले प्रमुख, नेमतात. व्हरमाँटमध्ये त्याला विधिमंडळ निवडतं. साउथ कॅरोलायनात तर २०१४ मध्ये घटनादुरुस्तीला कौल मिळेपर्यंत हा सेनाधिकारी लोकांच्या मतांवर निवडून यायचा.

आज मला युद्धाबद्दल बोलायचं नाही, बोलायचं आहे ते या विभागाच्या रोजच्या कामाबद्दल. राखीव सैनिक किती तयार आहे हे कवायतीच्या मैदानावर ठरतं असं आपल्याला वाटतं. बरंचसं ते इमारतीचं छप्पर, गाडीची बॅटरी आणि राज्याच्या अर्थसंकल्पातली एक ओळ यांच्यावर ठरतं.

कायद्याने गार्डच्या तुकडीला वर्षात ४८ कवायती आणि १५ दिवसांचं शिबिर करावं लागतं. एका शनिवार-रविवारी चार कवायती मोजल्या जातात, म्हणजे महिन्याचा एक वीकएंड. उरलेल्या दिवसांत शंभर-सव्वाशे जणांच्या कंपनीचं ठाणं दोन-तीन पूर्णवेळ माणसं चालवतात. या ठाण्याला पूर्वी आर्मरी म्हणत, आता रेडिनेस सेंटर म्हणतात. आत मोठा कवायत हॉल, वर्गखोल्या, स्वयंपाकघर, सामानाची जाळीबंद खोली आणि शस्त्रांची तिजोरी-खोली असते. मागे कुंपणाच्या आत गाड्या.

वापर कमी म्हणून झीज कमी, असा हिशेब इथे चालत नाही. चार आठवडे उभ्या ट्रकची बॅटरी हळूहळू उतरते, प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती चार्ज घेत नाही. टाकीतल्या रिकाम्या जागेत दमटपणा साठून डिझेलमध्ये पाणी उतरतं. सील कोरडी पडतात. इमारतीत न वापरलेल्या नळांमध्ये पाणी साचून राहतं, त्यात न्यूमोनिया करणारे लिजिओनेलाचे जंतू वाढू शकतात, म्हणून कवायतीच्या आधी सगळे नळ आणि शॉवर सोडून पाणी वाहू द्यावं लागतं. मिनेसोटासारख्या राज्यात हिवाळ्यात खर्च वाचवायला हीटर फार खाली आणला तर पाइप गोठून फुटतात आणि वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट दुरुस्तीत जातात.

शस्त्रांची खोली तर बारकाईने पाहण्यासारखी. भिंती आणि छत सळयांच्या काँक्रीटचं, दार पोलादी, आत धोक्याची सूचना देणारी यंत्रणा. काँक्रीटच्या बंद खोलीत दमटपणा कोंडतो आणि रायफलींच्या नळ्यांना गंज चढतो, म्हणून डीह्युमिडिफायर सतत चालू ठेवावा लागतो. त्याची पाणी वाहून नेणारी नळी तुंबली तर यंत्र आपोआप थांबतं आणि पुढच्या वीकएंडपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. अलार्म बंद पडला तर तो दुरुस्त होईपर्यंत तिथे माणूस पहाऱ्याला बसवावा लागतो. म्हणजे एका सेन्सरपायी रात्रपाळीचा पगार सुरू.

आता पैसा, कारण सगळी गुंतागुंत इथेच आहे. शस्त्रं, रणगाडे, गणवेश, कवायतीचा पगार हे केंद्राचं. जमीन आणि इमारत पुष्कळदा राज्याची. मिशिगनमधला कॅम्प ग्रेलिंग, मिनेसोटामधला सुमारे ५३,००० एकरांचा कॅम्प रिप्ले ही अवाढव्य प्रशिक्षण क्षेत्रंसुद्धा राज्यांच्या मालकीच्या जमिनीवर उभी आहेत. केंद्राचं नॅशनल गार्ड ब्युरो आणि राज्य यांच्यात एक मुख्य सहकार्य करार असतो आणि त्याला विषयवार परिशिष्टं जोडलेली असतात: इमारती, पर्यावरण, सुरक्षा, दूरसंचार, फायरिंग रेंज. राज्याच्या जमिनीवरच्या रेडिनेस सेंटरची देखभाल साधारणपणे निम्मी-निम्मी. गाड्यांची वर्कशॉप आणि प्रशिक्षण क्षेत्रं यांचा खर्च मुख्यतः केंद्राचा. नवीन रेडिनेस सेंटर बांधायचं तर केंद्राचा वाटा ७५ टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे एनसीसी. तिथेही अधिकारी आणि प्रशिक्षण केंद्राचं, तर कार्यालयाची जागा आणि मुलकी कर्मचारी राज्याचे असतात.

निम्मं-निम्मं ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात राज्याने आपला निम्मा वाटा ठेवला नाही तर केंद्राचा निम्मा वाटाही हलत नाही. आमदाराला वाटतं आपण एक रुपया वाचवला. इमारतीचे दोन रुपये गेलेले असतात.

एका गळक्या छपराच्या कागदाचा प्रवास पाहू. ठाण्याचा माणूस कामाची मागणी नोंदवतो. ती बांधकाम आणि सुविधा अधिकाऱ्याकडे जाते. तो सर्वात आधी केंद्राच्या सुविधा-यादीत ती इमारत कोणत्या संकेतांकाखाली आहे ते बघतो, कारण वाट्याचं प्रमाण त्या संकेतांकावरून ठरतं. मग अंदाजपत्रक, राज्याच्या नियमांप्रमाणे टेंडर, राज्याच्याच नावाने करार, काम, आणि ठेकेदाराला राज्याच्या तिजोरीतून पैसे. त्यानंतर केंद्राच्या वाट्याची मागणी एसएफ-२७० नावाच्या फॉर्मवर ‘युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी अँड फिस्कल ऑफिसर’कडे. हा अधिकारी राज्यात बसतो, पण केंद्राच्या मालमत्तेला आणि पैशाला जबाबदार असतो, ॲडज्युटंट जनरलच्या शब्दावर सही करायला तो बांधलेला नाही. ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते.

कागद अडकतात ते ठरलेल्या जागी. मागे बांधलेली शेड यादीत चढवलेलीच नसते. जुन्या वर्कशॉपात आता वर्ग भरतात, पण संकेतांक वर्कशॉपचाच राहिलेला असतो, मग केंद्राने जास्त पैसे दिल्याचं लेखापरीक्षणात निघतं आणि वसुली येते. करारातली दुरुस्ती सही होण्याआधीच काम सुरू केलेलं असतं, तर तो खर्च अमान्य होऊ शकतो. त्यात आर्थिक वर्षं जुळत नाहीत. केंद्राचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, बहुतेक राज्यांचं १ जुलैला, न्यूयॉर्कचं १ एप्रिलला, टेक्ससचं १ सप्टेंबरला. सप्टेंबरच्या शेवटी केंद्राकडे शिल्लक निघते आणि ती कुणाला तरी द्यायची असते. ज्या राज्याकडे नकाशे तयार, टेंडर तयार आणि आपला वाटा बाजूला काढलेला, त्यालाच ती मिळते. आपल्या मार्चअखेरची धावपळ आठवा, फक्त इथे दोन कॅलेंडरं एकदम सांभाळायची.

जुन्या इमारतींचा प्रश्न वेगळाच. १९३० च्या दशकातल्या मंदीत डब्ल्यूपीए या रोजगार योजनेतून ओक्लाहोमासारख्या राज्यांत दगडी आर्मऱ्या बांधल्या गेल्या. त्या आता वारसा म्हणून गणल्या जातात. केंद्राचा पैसा लागला की १९६६ च्या वारसा कायद्याप्रमाणे राज्याच्या वारसा अधिकाऱ्याशी सल्लामसलत करावी लागते. नुसत्या खिडक्या बदलायच्या तरी त्यात महिने जाऊ शकतात. अनेक आर्मऱ्यांच्या तळघरात पूर्वी नेमबाजी चालायची. रेंज बंद झाली तरी शिशाची धूळ हवेच्या नळांतून हॉलपर्यंत पोचलेली असते, आणि हॉल लग्नकार्यांना, मुलांच्या खेळांना भाड्याने दिला जातो. अशा जागी साधा झाडू चालत नाही, तो धूळ पुन्हा हवेत उडवतो. बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम, ओली पुसणी, पृष्ठभागाचे नमुने प्रयोगशाळेत, आणि निकाल येईपर्यंत दार बंद.

आता पूर किंवा वणवा आला असं धरू. गार्ड तीन प्रकारे बाहेर पडतो. राज्याच्या सेवेत असेल तर हुकूम गव्हर्नरचा आणि पगार राज्याचा. केंद्रीय कायदासंहितेच्या टायटल (भाग) ३२ खाली हुकूम गव्हर्नरचाच, पैसा केंद्राचा. टायटल १० खाली दोन्ही केंद्राकडे. पहिल्या प्रकारात एक गोष्ट हमखास विसरली जाते: गाडी केंद्राची आहे. राज्याच्या कामाला ती वापरली की इंधन, सुटे भाग आणि मोडतोड यांचे पैसे राज्याने केंद्राला भरायचे. म्हणून निघताना मीटरचं रीडिंग, गाडीची अवस्था आणि आधीचे ओरखडे लिहून घ्यायचे, परतल्यावर पुन्हा तेच. पुराच्या पाण्यातून आलेल्या ट्रकच्या डिफरन्शियलचं (चाकांमधल्या आसावरच्या गिअरपेटीचं) तेल काढून पाहायचं. ते दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, तेल लगेच बदलायचं आणि चाकांची बेअरिंगं तपासायची. हे टाळलं तर गिअर काही आठवड्यांनी गंजून जातात आणि तोवर ते नुकसान पुराच्या कामातलं होतं हे सिद्ध करायला कागद उरत नाही.

राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केली असेल तर आणीबाणीच्या पात्र खर्चापैकी किमान ७५ टक्के रक्कम स्टॅफर्ड या आपत्ती-मदत कायद्याखाली राज्याला परत मिळू शकते. शेजारच्या राज्याचा गार्ड मदतीला आला असेल तर १९९६ मध्ये काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) मान्यता दिलेल्या आंतरराज्य मदत करारानुसार त्याचं बिल मदत मागणाऱ्या राज्याने भरायचं. दोन्हीकडे एकच गोष्ट मागितली जाते: कोणत्या सैनिकाने कोणत्या कामावर किती तास घालवले आणि कोणती गाडी किती मैल चालली, याची त्या-त्या दिवशी सही झालेली नोंद.